अगं मावशी, हे टेक्नो नाहीये

रविवार, रात्री साडेअकरा

भाच्याने आज हिशोब काढून सांगितलं की मी हे सगळं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला लागून तीन महिने झाले. मला वाटत होतं फार तर महिना झाला असेल. सुरुवात अगदीच फालतू कारणाने झाली होती, म्हणजे मला शब्द नसलेलं काहीतरी हवं होतं. विसाव्या तारखेच्या आधीचे चार दिवस माझे जीएसटीचे रिटर्न्स भरण्यात जातात, सतरा दुकानदारांचे आकडे, आणि नाट्यगीत लावलं की मी गायला लागते आणि आकडा चुकतो, एकदा तर एका क्लायंटच्या टॅक्समध्ये एक शून्य जास्त पडलं होतं (वेळेत दिसलं म्हणून बरं). बासरी-संतूर वगैरे झालं, ते पण नको, राग ओळखायच्या नादात पुन्हा लक्ष जातंच. मग भाचा म्हणाला मावशी तू ब्रायन ईनो ऐक, विमानतळासाठी केलेलं संगीत आहे, १९७८ चं. मी म्हटलं विमानतळासाठी कशाला रे, तिथे आधीच कमी गोंगाट असतो का? पण लावलं, आणि अडीच तासात सहा रिटर्न्स झाले. त्यात काय आहे तर वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी एकाच वेळी फिरत ठेवलीत, त्यामुळे तेच स्वर दरवेळी नव्या जागी एकमेकांना भेटतात. एवढंच. कोणी काही वाजवून दाखवत नाही, कोणी समेवर येत नाही, टाळी मागत नाही. मला फार आवडलं.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं, पण त्याला विचारलं की अजून काय आहे रे यात, आणि तो जो सुटला.

गुरुवार

या संगीतातल्या प्रकारांच्या नावांनी डोकं उठलंय. हाऊस, डीप हाऊस, टेक हाऊस, मिनिमल, ब्रेकबीट, जंगल, गॅरेज, आणि गॅरेजमध्येही न्यूयॉर्कचं वेगळं आणि लंडनचं वेगळं. आपल्याकडे घराणी असतात तसं म्हणावं तर घराण्याला निदान गाव असतं! पण आज नीट बसून ऐकलं-वाचलं तर कळलं इथेही गावच आहे बऱ्याच ठिकाणी. हाऊस म्हणजे शिकागोतल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबवरून, तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्डी लावायचा, लोक दुकानात जाऊन 'वेअरहाऊसमध्ये वाजतं तसलं' मागायला लागले आणि शेपूट तेवढं राहिलं. गॅरेज म्हणजे न्यूयॉर्कचा पॅराडाइज गॅरेज. टेक्नो डेट्रॉइटचं, तिथली तीन पोरं, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन, शेजारच्या बेलव्हिल गावात एकाच शाळेत होती. मोटारींच्या कारखान्यांचं शहर उतरणीला लागलेलं आणि ही पोरं यंत्रावर गाणी करतायत. हे वाचल्यावर ते संगीत मला थोडं वेगळं ऐकू आलं हे खरं, आधी नुसतं खट् खट् वाटत होतं.

तरी माझं चुकतंच. मी काहीही लावलं की 'हे टेक्नो ना?' आणि तिकडून उत्तर, 'अगं मावशी, हे टेक्नो नाहीये'. शेवटी मी घड्याळ लावून ठोके मोजायला लागले, पंधरा सेकंदांचे मोजायचे आणि चारने गुणायचं, अकाउंटंटला दुसरं काय येणार. हाऊस साधारण १२० ते १३०, ड्रम अँड बेस १७० च्या आसपास, म्हणजे द्रुतच्या पण पुढचं झालं. डबस्टेपला घोटाळा झाला. मला ७० भरत होते आणि तो म्हणे १४०. बराच वेळ वाद घातला, मग लक्षात आलं की वरची नक्षी दुगुनीत चाललीये आणि खालचा ठोका ठायीत आहे, दोघेही बरोबर. त्याला ठाय-दुगुन समजावून सांगितलं तर तो एकदम गप्प, मग म्हणाला हे भारीये. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला काहीतरी शिकवलं!

आणि एक. ते ड्रम अँड बेस आणि जंगल जवळजवळ सगळं ज्या एका ठेक्यावर उभं आहे तो जेमतेम सहा-सात सेकंदांचा तुकडा आहे, १९६९ च्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या गाण्यातला. विन्स्टन्स नावाचा बँड, ग्रेगरी कोलमन नावाचा ड्रमर. तो तुकडा लोकांनी कापला, उलटा केला, वेगात फिरवला, हजारो गाण्यांत घातला, आणि कोलमनला त्याची रॉयल्टी म्हणून एक पैसा मिळाला नाही, २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला तो. तेव्हापासून जंगल लावलं की माझं लक्ष त्या माणसाच्या हाताकडे जातं. आमच्याकडे एका क्लायंटने कारागिराचे अकराशे रुपये दोन वर्षं अडकवून ठेवलेत, ते उगाच आठवतं.

शनिवार, कोयना एक्सप्रेसमध्ये

मिरजेला चाललेय आईकडे. खिडकीची जागा मिळाली. मुद्दाम क्राफ्टवर्कचं ट्रान्स-युरोप एक्सप्रेस ठेवलं होतं गाडीसाठी, १९७७ चं, जर्मनीतल्या डुसेलडॉर्फचा बँड. गाणं संपता संपता त्यातूनच पुढचं मेटल ऑन मेटल सुरू होतं, लोखंडावर लोखंड. गंमत अशी की त्यातली गाडी बाहेरच्या गाडीपेक्षा जास्त गाडीसारखी वाजते. आता रूळ लांबच लांब जोडून टाकलेत, लहानपणची ती खडाड-खडाड येतच नाही, स्टेशन आलं की सांधे बदलताना तेवढी येते. लोणंदला ती आली आणि नेमकी त्यांच्या ठोक्यात बसली, चार-पाच सेकंदच, मी हेडफोन काढून बघितलं की कोणतं कुठलं. समोरच्या काकूंना वाटलं मला काही हवंय, त्यांनी भडंग पुढे केलं.

एफेक्स ट्विन नावाचा संगीतकार मात्र जमला नाही. जुनं ॲम्बियंट, म्हणजे ईनोसारखं संथ, छान आहे त्याचं, पण पुढचं काही ऐकताना दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं होतं. भाच्याला सांगितलेलं नाही. गोवा ट्रान्सचाही मला तासाभरात कंटाळा येतो, पण एक गोष्ट आवडली की अंजुण्याच्या उन्हात तबकड्या टिकत नाहीत म्हणून तिथले डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट म्हणजे डिजिटल टेपवर वाजवायचे. उष्म्याने वाद्य बदललं. हे आमच्या मिरजेत कोणालाही लगेच पटेल, भोपळ्याला हवा मानवली नाही की तंबोऱ्याचं काय होतं ते विचारा.

मिरज, रविवार

आता मुख्य गोष्ट, जी लिहायची म्हणून वही काढली.

ॲसिड हाऊस नावाचा प्रकार मी टाळत होते, नावामुळेच. काल रात्री माडीवर झोप येईना म्हणून लावलं. फ्यूचर नावाच्या शिकागोच्या तिघांचं ॲसिड ट्रॅक्स, १९८७, अकरा मिनिटांच्या वर आहे. त्यात एक रोलंड कंपनीची छोटी चंदेरी पेटी आहे, टीबी-३०३. ती मुळात कशासाठी होती तर गिटारवाल्याला घरी रियाज करताना साथीला बेस हवा म्हणून. कोणाला आवडली नाही, बेस गिटारसारखी अजिबात वाजेना, १९८४ पर्यंत कंपनीने बंदच केली, मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागली आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्या हाती पडली. या पोरांनी काय केलं, ओळ तीच फिरत ठेवली आणि वाजत असतानाच बटणं पिळत राहिले. त्या तिघांतल्या डीजे पिएरनेच सांगितलंय की रॉन हार्डी नावाच्या डीजेने क्लबमध्ये ते पहिल्यांदा लावलं तेव्हा लोक फ्लोअर सोडून गेले, त्याने त्याच रात्री चार वेळा लावलं, चौथ्यांदा सगळे वेडे झाले.

मी पण पहिली तीन मिनिटं हेच म्हणत होते की हे काय बेडूक. आणि मग एका जागी कान टवकारले. स्वर बदलत नव्हते, लय बदलत नव्हती, पण आवाज आतून उघडत चालला होता, आधी गुंडाळलेला, मग नाकातला, मग एकदम लख्ख, आणि परत मिटला. अरे, ही तर जवारी!

सतारमेकर गल्लीत लहानपणी शाळा सुटल्यावर आम्ही उभ्या राहायचो दारात. शिकलगारांच्या घरातले एक चाचा तंबोरा आडवा घेऊन बसायचे, एक तार छेडायची आणि घोडीवर तारेखालचा दोरा केसाएवढा सरकवायचा. परत छेडायची. तार तीच, खुंटीला हात नाही, आणि दोरा सरकेल तसा त्याच एका स्वरातून वरचे स्वर एकेक करून बाहेर यायचे, मग एका जागी सगळा तंबोरा बोलायला लागायचा. जागा ओलांडली की परत बद्द. हे अर्धा अर्धा तास चालायचं आणि आम्हाला कंटाळा यायचा नाही. त्या पेटीचं बटण दुसरं काय करतं? आतल्या स्वरातले वरचे अंश रोखून धरतं आणि पिळाल तसे सोडतं. भाच्याला रात्री दीड वाजता मेसेज केला. त्याने गुगलवर जवारी शोधून सकाळी नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

खरंतर माझा या सगळ्या प्रकारावरचा राग डॉल्बीवरचा होता. इथल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत एका मंडळाने आमच्या दारात पाऊण तास भिंत उभी केली होती, वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आई उशीने त्यांचे कान धरून बसली होती. ते अजून माफ केलेलं नाही. पण त्याची शिक्षा शिकागोच्या पोरांना कशाला.

आज भाच्याने शेवटचं अस्त्र काढलं. म्हणे ही पेटी घेऊन फ्यूचरच्या पाच वर्षं आधी मुंबईत एका माणसाने दहा राग वाजवलेत. चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे, १९८२ ची एचएमव्हीची रेकॉर्ड, तीच ३०३, जोडीला रोलंडच्याच ८०८ या ठेक्याच्या पेटीचा ठेका आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. तेव्हा कोणी फारसं घेतलं नाही, पुढे एका डच माणसाला ती सापडली, २०१० ला पुन्हा निघाली, मग जग म्हणायला लागलं की हे तर शिकागोच्याही आधीचं ॲसिड. त्यांनी बिचाऱ्यांनी ते नाव ऐकलंही नसेल तेव्हा. २०१५ ला गेले ते.

जेवणं झाल्यावर छोट्या स्पीकरवर लावलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, भजनी मंडळात पेटी वाजवते अजून. मी काही सांगितलं नाही, फक्त लावलं. भैरव झाला, आई वाती वळत होती. मग पुढचं सुरू झालं, खाली ती पेटी गुरगुरतेय, ठेका अखंड, दोन्ही मध्यम लागले, आणि आईचा हात थांबला. मला वाटलं आता म्हणते बंद कर.

"ललत आहे," आई म्हणाली.

मग थोडं ऐकून, "हात चांगलाय याचा. पण रात्री साडेनऊला ललत? सकाळी लाव."