आठ फुटांची भिंत आणि कुरवांची रांग

गुहागरला ओळखीच्या काकांनी घरगुती मुक्कामाची सोय नव्याने थाटली. पुढच्या पडवीत आठ फुटांची भिंत मोकळी. तिथे लावायला किनाऱ्यावरच्या पाखरांचा मोठा फोटो हवा. "पाखरं अशी पायजेत की भिंत दिसता नये," हा त्यांचा हुकूम. मी एरवी लग्नाचे फोटो काढणारा माणूस. लग्नात मागच्या रांगेला 'जरा पुढे सरका' म्हणता येतं. कुरवांना, म्हणजे सीगलना, कोण सांगणार?

पहिल्या दिवशी संध्याकाळी गेलो आणि फसलो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून, सूर्य समोर, वारा समुद्रावरून. पाखरं वाऱ्याकडे तोंड करून उभी राहतात, नाहीतर पिसं विस्कटतात. म्हणजे माझ्याकडे काय, तर शेपट्या. तीनशे फोटो, त्यात शेपट्याच शेपट्या, त्याही काळ्या.

दोन दिवसांनी एकादशी होती. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आजोबांचा हिशोब. अकराची पाऊणपट सव्वाआठ. पाणी वर चढलं की वाळूची पट्टी अरुंद होते आणि पसरलेली पाखरं एका जागी गोळा होतात. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, सूर्यही सुरूंच्या मागून, म्हणजे माझ्या पाठीमागून येतो. सगळी तोंडं माझ्याकडे.

साडेसातला वाळूवर पालथा पडलो. समोर तपकिरी डोक्याचे कुरव. नाव तपकिरी डोक्याचं, पण हिवाळ्यात डोकं पांढरंच, कानाजवळ एक काळा डाग तेवढा. उन्हाळ्यात हे लडाख-तिबेटच्या उंच तलावांवर विणीला जातात, आमच्याकडे फक्त पाहुणे.

खरी गोची फोकसची. ६०० मिमीची लेन्स, वीस मीटरवर पाखरू, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ६.३ ठेवलं तर जेमतेम ४० सेंटीमीटर खोलीचं स्पष्ट येतं. छिद्र बारीक करून एफ ११ केलं तरी ७०च्या आसपास. रांग माझ्यापासून तिरकी, तीन-चार मीटर खोल. एक कुरव लख्ख, बाकीचे दह्यासारखे. त्यात कॅमेऱ्याचा डोळा ओळखणारा फोकस ह्याच्या डोळ्यावरून त्याच्या डोळ्यावर उड्या मारत होता. तो बंद करून एकच ठिपका ठेवला, पण त्याने रांग काही सरळ होईना.

मग मीच सरकलो. रांग मला अगदी आडवी दिसेल अशा जागेकडे, कोपरांवर, लेन्सखाली प्लास्टिकची पिशवी घेऊन. माना वर झाल्या की थांबायचं, कुणी चोच पाठीत खुपसली की पुन्हा वीतभर पुढे. वीस पावलांना पाऊण तास लागला. शर्टात एवढी वाळू गेली की घरी अंगणातच उभं केलं.

पण त्या जागेवरून चौदा कुरव एका ओळीत आले. लाल चोची, टोकाला काळ्या. मधोमध एक शेंडीवाला सुरय (टर्न), नारिंगी चोचीचा, बिनबोलावता आलेला. एकाची चोच दुसऱ्याच्या मानेत घुसल्यासारखी दिसत होती, म्हणून वाट पाहिली. तो एक पाऊल सरला, फट पडली, सुरयाने एक पंख ताणला. पांढरी पिसं जळू नयेत म्हणून प्रकाश आधीच थोडा कमी ठेवला होता. चार फोटो काढले.

पाचव्याला एक गाडी पाण्याच्या कडेने सुसाट आली. शेकडो पंख एकदम वर. सवयीने बोट दाबलेलंच राहिलं, शटर १/५०० सेकंदावर. पंखांची टोकं धूसर, फोकस कुठल्याच पाखरावर नाही. लांबून आलेल्या पाखरांची विश्रांती अशी मोडणाऱ्यांचा मला संताप येतो. "पोराला पळवू का त्यांच्यात?" असं काकांनी आधी विचारलं होतं, तेव्हाही नाही म्हणालो होतो.

काकांना दोन्ही फोटो दाखवले. चौदांच्या ओळीवरून बोट फिरवत ते म्हणाले, "चांगलाय हो. पण चौदाच?"

भिंतीवर आता गाडीने उडवलेला थवा आहे, आठ फूट बाय पाच. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून सेल्फी काढतात. काका चहाला बोलावतात तेव्हा मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.