तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या लहान पिल्लाला काय पाजायचं?

"इतकुसं पिल्लू आहे, डोळेही उघडलेले नाहीत. काय पाजू?" आईविना राहिलेली कुत्र्याची पिल्लं मी वाढवते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी येतो. बहुतेक वेळा तो रात्री येतो आणि विचारणारा हातात पिल्लू घेऊनच बोलत असतो. मी दुधाचं नावच काढत नाही. आधी विचारते, पिल्लू हाताला कसं लागतंय? ऊबदार की गार?

जन्मल्यानंतर पहिला आठवडाभर पिल्लाला धड कुडकुडताही येत नाही. अंगातली ऊब टिकवण्याची सोय त्याच्यापाशी नसतेच, ती आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या घोळक्यात मिळते. अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की आतडी मंदावतात. मग पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, पोट फुगतं, किंवा दूध उलटून श्वासनलिकेत जातं. भुकेलं दिसतंय म्हणून मायेनं पाजलेल्या दुधानंच पिल्लू दगावतं ते असं. म्हणून गार पिल्लाला आधी ऊब, मग दूध. हा क्रम कितीही घाई असली तरी मोडू नका.

ऊब सावकाश द्यायची. सगळ्यात सोपं म्हणजे पिल्लू कपड्यांच्या आत आपल्या अंगाशी धरायचं. नाहीतर गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे उकडलं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. केस वाळवायच्या यंत्राचा झोत किंवा उघडी गरम बाटली नको. घाईनं तापवलेलं पिल्लू भाजतं, नाहीतर त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या भोवतालची हवा २९ ते ३२ अंश असावी, मग हळूहळू कमी करत जायची. तोंडात बोट घातल्यावर आत गरम लागलं आणि पिल्लू बोट लुचायला लागलं, की दुधाची तयारी करायची. ऊब मिळूनही ते लुचत नसेल तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. अशा पिल्लाला नळीनं पाजावं लागतं आणि ते काम शिकलेल्या हातांचं आहे.

दुधाआधी अजून एक. आई खरोखरच नाही ना, याची खात्री करा. ती खाणं शोधायला गेलेली असू शकते, आणि माणूस जवळ उभा असला की परत यायला कचरते. लांब थांबून वाट पाहिलेली कधीही चांगली. आई नसेलच, तर त्याच सुमारास व्यायलेली दुसरी कुत्री मिळते का ते विचारा. ती पिल्लाला जवळ करत असेल तर तिच्याइतकं चांगलं तुम्ही-आम्ही काहीच देऊ शकत नाही. पिल्लू नुकतंच जन्मलेलं असेल तर हे फार मोलाचं आहे, कारण पहिल्या दिवसाच्या चिकाच्या दुधातूनच रोगांशी लढायची ताकद पोटात उतरते. साधारण २४ तासांनंतर आतडी ती घेऊ शकत नाहीत.

आता दूध. घरातलं गायीचं दूध पाणी घालून द्यायचं, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. पचायला हलकं जाईल हा हेतू असतो. पण कुत्रीचं दूध गायीच्या दुधापेक्षा खूप दाट असतं. त्यात साधारण ९ टक्के स्निग्धांश आणि ७ ते ८ टक्के प्रथिनं असतात. गायीच्या दुधात दोन्ही साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि दुधातली साखर मात्र कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. त्यात पाणी घातलं की पिल्लाचं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही, आणि वर हगवण लागते ती वेगळीच. त्यासाठी कुत्र्याच्या पिल्लांची तयार दूध पावडर मिळते, तीच वापरा. डब्यावरचं माप तंतोतंत पाळा. लवकर बाळसं धरेल म्हणून घट्ट करू नका, पोट बिघडतं. एका दिवसापुरतंच कालवा, फ्रिजमध्ये ठेवा, आणि पाजताना तेवढंच काढून गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करा. मनगटावर थेंब टाकला तर गरम-गार काहीच जाणवू नये. उरलेलं टाकून द्या.

यापुढचा भाग मी कुणालाही समजावताना सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण इथेच पिल्लं हातची जातात. माणसाचं बाळ जसं आडवं घेऊन पाजतात तसं पिल्लाला उताणं कधीही धरायचं नाही. आईला पिताना ते पोटावर असतं, मान किंचित वर. आपणही टॉवेलवर त्याला पोटावरच ठेवायचं, एका हातानं छातीखाली हलका आधार द्यायचा आणि निपल समोरून, जरा वरच्या बाजूनं तोंडाशी न्यायचं. उताणं पाजलेलं दूध सहज फुप्फुसात जातं, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया इतक्या लहान जिवाला क्वचितच सोडतो.

निपलचं भोकही आधी तपासा. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंब थेंब पडायला हवं. धार लागली तर भोक मोठं आहे, ठसका लागणार. बाटली दाबायची नाही, पिल्लाला ओढू द्यायचं. ते नीट पीत असलं की लगेच कळतं. जीभ निपलभोवती पन्हळीसारखी वळते, तिच्या कडा ओठांबाहेर डोकावतात. पुढचे पाय आईचं पोट दाबावं तसे टॉवेल आळीपाळीनं दाबतात आणि प्रत्येक घोटाला इवलेसे कान हलतात. कान हलायचे थांबले, की त्यानं नुसतं निपल धरून ठेवलंय असं समजून मी बाटली काढते. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबायचं, डोकं खाली करून नाक पुसायचं, आणि श्वासाचा घरघर आवाज येत राहिला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं. पाजून झालं की खांद्याशी धरून पाठ हळूच चोळायची, ढेकर येते.

पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात अंतर तीन-चार तासांवर नेता येतं. एका वेळी वजनाच्या दर १०० ग्रॅममागे ४ मिलिलिटरच्या वर जाऊ नका, म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला १२ मिलिलिटर. दिवसाचं एकूण माप डब्यावर असतं, ते पाजण्यांच्या संख्येनं भागा. पोट भरलेलं दिसावं, तट्ट फुगलेलं नको. पिल्लू अजून मागतंय असं वाटलं तरी हात आवरा, आणि पुढचं पाजणं थोडं लवकर घ्या.

पोटाला मिळतंय की नाही हे नजरेनं ठरवू नका. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि रोज एकाच वेळी वजन करा. निरोगी पिल्लू रोज ५ ते १० टक्के वाढतं आणि सात ते दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट होतं. एक दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर बारीक लक्ष ठेवा. घटलं तर दाखवून या. इतकी लहान पिल्लं सकाळी बरी आणि संध्याकाळी मलूल होतात, आणि काटा ते डोळ्यांच्या आधी सांगतो.

शी-शूचं बरेच जण विसरतात. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला ते आपणहून जमत नाही, आई चाटून करवते. आपण कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शेपटीखाली हलक्या हातानं फिरवायचा, दर वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर. शू जवळजवळ पाण्यासारखी दिसायला हवी. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

दूध सोडवायचं कधी, हा पुढचा प्रश्न. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. मग कान उघडतात, पाय धरायला लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात हिरड्यांतून दुधाचे दात टोचू लागतात. आई असेल तर या सुमाराला ती उभ्यानंच पाजते, मध्येच निघून जाते. दात आणि नखं तिला बोचतात. काही कुत्र्या आपलं अर्धवट पचलेलं खाणं पिल्लांपुढे ओकून टाकतात. पाहणाऱ्याला वाटतं ती आजारी आहे, पण लांडग्यांपासून चालत आलेलं ते पहिलं भरवणं आहे. त्यावरूनच आपल्याला काय करायचं ते कळतं: मऊ, कोमट, ओलं आणि थोडं थोडं.

साडेतीन ते चार आठवड्यांचं झालं की पिल्लांसाठीचं कोरडं खाणं त्याच कोमट दुधात भिजवून, वाटून सरबरीत करायचं. सुरुवातीला एक भाग खाणं, तीन भाग दूध. उथळ ताटली घ्या, वाटी नको. पूर्ण उपाशी पिल्लापुढे ठेवलंत तर ते चिडून रडतं, आणि भरल्या पोटी ते ढुंकून पाहत नाही, म्हणून बाटलीच्या वेळेच्या जरा आधीची वेळ धरा. बोटाला लावून ओठांवर टेकवा. पहिल्या दिवशी ते ताटलीत पाय घालतं, नाक बुडवून शिंकतं, आणि मग पंजे चाटता चाटता त्याला चव कळते. तोंड धरून ताटलीत घालू नका, नाकात जातं. झाल्यावर कोमट ओल्या कापडानं पुसून पूर्ण कोरडं करा, कारण ओलं पिल्लू लगेच गारठतं.

बाटली एकदम बंद करायची नाही. ताटलीतलं जितकं पोटात जाईल तितकं बाटलीतलं कमी करा, एका वेळी एकच बाटली. तीन-चार दिवसांनी थोडं घट्ट करा, शी पाहा, मग पुढे जा. शी पातळ झाली तर मागच्या पायरीवर परता. कुणाचं सहा आठवड्यांत सुटतं, कुणाचं आठ. याच दिवसांत शेजारी उथळ भांड्यात पाणी ठेवायला लागा. नंतर तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खाणं पुरे.

या वयात हौसेनं कॅल्शियमची औषधं घालू नका, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांना. जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकणं त्यांच्या शरीराला जमत नाही आणि हाडं वाकडी वाढतात. पिल्लांच्या चांगल्या खाण्यात ते पुरेसं असतं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका कुठल्याच वयात नकोत.

जंतांचं औषध साधारण दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी, वजनानुसार डॉक्टर सांगतील तेवढंच द्यायचं. पिल्लांचे गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे घरात जन्मलेलं, स्वच्छ ठेवलेलं पिल्लूही सुटत नाही. ते माणसांना, मुलांना जास्त, लागू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी हात साबणानं धुवा. लसी सहा ते आठ आठवड्यांदरम्यान सुरू होतात. डॉक्टरांकडे जाताना वहीत रोजचं वजन, किती आणि किती वेळा पाजलं, शी कशी होती हे लिहिलेलं सोबत न्या. त्यांचे पहिले प्रश्न हेच असतात.