पक्ष्याचं गाणं की पक्ष्याच्या नावाचं?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि मला सगळ्यात आधी मांजर आठवलं.

आठवीत असताना स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने ‘नाच रे मोरा’ बसवलं होतं. विंगेतून मोराचा आवाज काढायचं काम माझ्याकडे होतं. आठवडाभर घसा खरवडून सराव केला आणि ऐन कडव्याच्या मधे असा केकारव केला की पुढच्या रांगेतली पोरं खुर्च्यांखाली मांजर शोधायला लागली. संगीताच्या बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आवाज बरोबर होता रे. पण या गाण्यात मोराला तोंड उघडायला जागाच ठेवलेली नाही.”

खरंच होतं ते. गदिमांचे शब्द, पु. लं.ची चाल, आशाबाईंचा आवाज. १९५३ च्या ‘देवबाप्पा’मधलं हे गाणं मोराला सतत हाक मारतं, पण मोर आपला मुकाट नाचतो. तो बोलला असता तर गाणं तिथेच संपलं असतं!

पुढच्या तासाला बाईंनी वहीत दोन रकाने आखायला लावले: पक्ष्याचं गाणं आणि पक्ष्याच्या नावाचं गाणं. मी ‘या चिमण्यांनो परत फिरा रे’ बिनधास्त दुसऱ्या रकान्यात टाकलं, कारण त्यातल्या चिमण्या म्हणजे मुलं. ‘बगळ्यांची माळ फुले’ने मात्र छळलं. वा. रा. कांतांचं ते गाणं जुन्या भेटीची आठवण काढणारं. बगळे त्या आठवणीपुरते. पण आभाळात एकामागे एक निघालेल्या बगळ्यांना माळ म्हणायला ते डोळे भरून पाहिलेले असावे लागतात. शेवटी मी ते दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं. कोकिळेच्या गाण्यांपुढे बाईंनी लाल शाईत एवढंच लिहिलं, ‘गातो तो नर. मादी किक्-किक् करते.’ तेव्हापासून ‘कोकिळेचा गोड गळा’ ऐकला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

शाळा सुटली, पण रकाने सुटले नाहीत. बीटल्सचं १९६८ चं ‘ब्लॅकबर्ड’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आनंदाने उडालोच. पॉल मॅकार्टनीची गिटार, पायाचा ठेका आणि चक्क खऱ्या ब्लॅकबर्डची शीळ! टाकलं पहिल्या रकान्यात. पुढे वाचलं, की मॅकार्टनी स्वतःच सांगतो, मनात अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्यातली कृष्णवर्णीय स्त्री होती. म्हणजे खरा पक्षी गात असूनही गाणं त्याच्या नावाचंच. बॉब मार्लीच्या १९७७ च्या ‘थ्री लिटल बर्ड्स’मधल्या तिघांची तर जातही कळत नाही. दारात येऊन धीर देतात, बस्स.

सगळ्यात मोठी गंमत ‘एल कोंडोर पासा’ची. मूळ चाल पेरूच्या दानिएल आलोमिया रोब्लेस यांची, १९१३ ची. कोंडोर म्हणजे अँडीज पर्वतावरचं ते धूड, पंख पसरले की सुमारे तीन मीटर. १९७० मध्ये सायमन आणि गारफंकेल यांनी ती चाल इंग्रजी शब्दांत गायली. त्या शब्दांत चिमणी आहे, हंस आहे, गोगलगायसुद्धा आहे. कोंडोर तेवढा नाही! तो नुसता शीर्षकात बसलाय. तरी बासरीसारखे ते सूर वर चढायला लागले की मला तोच दिसतो, पंख न हलवता तरंगणारा. यावर बाई काय म्हणाल्या असत्या, कोण जाणे.

ती वही अजून आहे. तिच्यात ज्ञानेश्वरांची ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ ही विराणी, लताबाईंच्या आवाजातली, मी दुसऱ्या रकान्यात टाकली होती. मला वाटलं, कावळा काय, नुसता शकुन सांगायला आलेला. बाईंनी एक लाल बाण काढून ती पहिल्या रकान्यात नेली. कारण लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

परवा ते पान उघडून ती ओळ मोठ्याने वाचली. काऊ. कोकताहे. तीन शब्दांच्या आत कावळा दोनदा ओरडला होता.