नीला दोन्ही डोळ्यांत फुगलेल्या

पेशंट पंचविशीचा, टेम्पो चालवणारा. "डॉक्टर, उजव्या डोळ्यापुढं काळं जाळं फिरतंय," एवढीच तक्रार. थेंब टाकून बाहुली मोठी केली. उजव्या पडद्याच्या कडेला नीलांना पांढरी किनार, जागोजाग रक्ताचे ठिपके, आतल्या जेलीत पेशी. तरुण पुरुष आणि असा पडदा, म्हटल्यावर आपल्याकडे ईल्स आणि क्षयरोग हेच आधी डोक्यात येतात (ईल्स म्हणजे पडद्याच्या नीलांना सूज येण्याचा आजार). डावा पडदा वरवर स्वच्छ.

नीला किती फुगल्यात ते मोजायला, नसेची चकती (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती गोल जागा) मधोमध धरून दोन्ही डोळ्यांचे फोटो घेतले. शिरांची रुंदी वाटेल तिथे मोजून चालत नाही. चकतीच्या कडेपासून अर्ध्या व्यासावर सुरू होऊन एका व्यासावर संपणारा पट्टा घ्यायचा. त्यातल्या सर्वांत जाड सहा रोहिणी आणि सहा नीला. 2003 सालचं नडटसनचं सूत्र असं: सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक यांची जोडी लावायची, दोघींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं, नीलांसाठी त्याला 0.95 ने आणि रोहिणींसाठी 0.88 ने गुणायचं. 140 आणि 120 मायक्रॉनच्या नीला मिळून 175 भरतात. असं जोड्या लावत एकच आकडा उरतो.

खरी गोम प्रमाणात आहे. चकती सरसकट 1800 मायक्रॉनची धरतात. फोटोत ती 300 पिक्सेल भरली तर एक पिक्सेल 6 मायक्रॉनचा. दोन्ही कडांना एकेक पिक्सेल चुकला की 12 मायक्रॉन गेले, म्हणजे 140 च्या नीलेत आठ टक्क्यांहून जास्त. त्यात जेली गढूळ असली तर कडा पसरतात आणि शीर उगाच जाड वाटते. पांढरी किनार मोजायचीच नाही, मोजायचा तो आतला रक्ताचा पट्टा. फोटोच्या हिरव्या चॅनेलमध्ये तो उठून दिसतो. नाडीच्या ठोक्यानेही रुंदी हलते, म्हणून तीन फोटोंची सरासरी.

उजवीकडे नीलांचा एकत्रित आकडा 248 मायक्रॉन, रोहिणींचा 152. डावीकडे 239 आणि 151. निरोगी डोळ्यातही 239 सापडू शकतो, त्यावरून निदान करायला गेलो तर फसू. पण उजव्या आकड्यात गढूळपणाचा थोडा वाटा धरावा लागतो. डावी जेली नितळ, कडा धारदार, आणि तरी नीला जवळपास तेवढ्याच. दुसरा डोळा 'चांगला' समजून तुलनेला घ्यायची सवय इथे नडली असती, कारण ईल्स बहुधा दोन्हीकडे असतो. फ्लुरेसिन अँजिओग्राफी (शिरेतून रंग देऊन पडद्याचे फोटो) मग दोन्ही डोळ्यांची, अगदी कडेपर्यंत केली. डावीकडे कानाच्या बाजूला दोन नीलांतून रंग झिरपत होता.

मांटू (क्षयाची त्वचेवरची चाचणी) ठळक पॉझिटिव्ह, छातीच्या सीटीत गाठी. छातीच्या डॉक्टरांनी क्षयाची औषधं सुरू केली, जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम. रक्तपुरवठा तुटलेल्या भागावर लेसर.

सहा आठवड्यांनी उजव्या नीला 221, डाव्या 216. जेली निवळल्यामुळेच आकडा उतरला नाही ना, हे रोहिणी सांगतात: गढूळपणाने फुगवलं असतं तर त्याही तेवढ्याच उतरल्या असत्या. उजव्या रोहिणी 150 वर, म्हणजे जागच्या जागी. नुसतं रोहिणी-नीला गुणोत्तर (0.61 चं 0.68) लिहून मोकळं होणं मला पटत नाही. रक्तदाबाने रोहिणी आकसली तरी ते बदलतं, मग सूज कुठली नि दाब कुठला?

प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅमवर आलं की पुन्हा फोटो, त्याच कॅमेऱ्यावर, त्याच कोनात. क्षयाच्या औषधांतलं एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं, म्हणून ते चालू आहे तोवर रंगदृष्टीही दर खेपेला तपासायची.