पश्चिमेची खिडकी, चौथा पावसाळा : सिलिकॉनचा आत्तापर्यंतचा हिशोब

मंडळी, मागच्या नोंदीत किचनच्या सिंकपाशी थांबलो होतो, यावेळी खिडकी. डोंबिवलीत तिसरा मजला, हॉलची खिडकी बरोब्बर पश्चिमेला, म्हणजे जून ते सप्टेंबर पाऊस थेट तोंडावर. गेले तीन पावसाळे खिडकीखाली जुने टॉवेल टाकायचे आणि पिळायचे हा आमच्या घरचा कौटुंबिक उपक्रम आहे. दरवर्षी मे महिन्यात मी सिलिकॉन (फटी बुजवायचा नळीतला रबरासारखा माल) मारायचो, दरवर्षी जुलैत ते कडेने सुटायचं, मग मी सिलिकॉनला शिव्या द्यायचो आणि पुढच्या मे मध्ये थोडी महागातली नळी आणायचो. बायको म्हणाली आता या पैशात नवीन खिडकी आली असती. आली नसती, पण मुद्दा लक्षात आला.

मार्च, जुनं काढलं

आमच्याकडे बऱ्याच बिल्डिंगमध्ये असते तशीच रचना आहे, भिंतीत पांढऱ्या मार्बलच्या पट्ट्यांची चौकट, तिच्या आत ॲल्युमिनियमच्या सेक्शनची स्लायडिंग खिडकी, आणि दोघांच्या मधल्या फटीवर सिलिकॉन. ब्लेड घेऊन बसलो. ॲल्युमिनियमच्या बाजूने काढायला अक्षरशः घाम निघाला, तुकडे तुकडे करून खरवडावं लागलं. मार्बलच्या बाजूने मात्र एक टोक धरलं आणि ओढलं तर हातभर पट्टी एका दमात सुटून आली, सेलोटेप निघावी तशी. आणि पट्टीच्या पाठीमागे पांढरी भुकटी, बोटावर घेतली तर तांदळाच्या पिठीसारखी. तीन वर्षांत मी ही पाठ कधी उलटून बघितलीच नव्हती, दर वेळी ओढलं आणि कचऱ्यात टाकलं.

नेहमीच्या दुकानात जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲसिटिक क्युअर सिलिकॉन असतं, ज्याला सगळे जीपी म्हणतात. नळी कापली की व्हिनेगरचा भपकारा येतो तेच. तो वास उगाच नाही, हे सिलिकॉन हवेतली आर्द्रता घेऊन घट्ट होतं आणि घट्ट होताना ॲसिटिक ॲसिड बाहेर टाकतं. काचेला त्याचं काही वाटत नाही, ग्लेझ्ड टाइलला पण नाही. पण मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू सांडलं तरी मार्बलवर डाग उठतो हे प्रत्येक घरात माहीत असतं, तर इथे आपण स्वतःच्या हाताने चिकटण्याच्या जागेवरच ॲसिड सोडतोय. दगड आणि ॲसिड मिळून कॅल्शियम ॲसिटेट होतं, ते पाण्यात विरघळतं, म्हणजे सिलिकॉन आणि दगड यांच्या मधला थरच पहिल्या मोठ्या पावसात ढिला. सिलिकॉन बिचारं चांगलंच होतं, त्याच्या पायाखालची जमीन मी काढून घेत होतो. सिमेंट प्लास्टरचंही हेच, तेही अल्कधर्मी. तांबं, पितळ, गॅल्वनाइज्ड पत्रा यांना हे ॲसिड गंजवतं, आणि आरशाच्या पाठीमागचा लेप खातं.

एप्रिल, खरेदी आणि बादलीतली परीक्षा

आमच्या नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याला सिलिकॉन मागितलं की तो एकच प्रश्न विचारतो, व्हाइट, क्लिअर का ब्लॅक? यावेळी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो, तिथे काउंटरवरचे शेठ रंगाचं बोललेच नाहीत, म्हणाले, "कशाला लावायचंय, काच का दगड?" मी म्हटलं मार्बल आणि सेक्शन. "मग जीपी नको, वेदर घ्या." दुकानदारांच्या भाषेत वेदर म्हणजे सहसा न्यूट्रल क्युअर, घट्ट होताना ॲसिड न सोडणारं, पण नुसत्या शब्दावर जाऊ नका, नळीवर न्यूट्रल लिहिलंय का ते वाचाच, कारण वेदरप्रूफ असं छापलेल्या ॲसिटिक नळ्या मी स्वतः हातात धरल्यात. न्यूट्रलमध्ये पण दोन जाती भेटतात, एक अल्कॉक्सी, घट्ट होताना अल्कोहोल सोडते, वास जवळपास नाही, आणि दुसरी ऑक्सिम, तिला वेगळाच उग्र केमिकल वास येतो आणि ती तांबं-पितळ आणि पॉलिकार्बोनेटच्या शीटला चालत नाही. गॅलरीवर पॉलिकार्बोनेट टाकलेल्यांनी हे बघून घ्या, शीटला बारीक तडे जातात.

मी चार नळ्या घेतल्या, एक जीपी, दोन वेगळ्या न्यूट्रल आणि एक ॲक्रिलिक. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट, घरात थोडं शिल्लक होतं. मार्बलवाल्याकडून चार उरलेले तुकडे, एक टाइल, एक काच, पावडर कोटेड सेक्शनचा वीतभर तुकडा आणि गच्चीवर पडलेली सिमेंटची वीट, सगळ्यांवर पाचही प्रकारच्या एकेक पट्ट्या ओढल्या. आठवडाभर सुकू दिलं, मग आठवडाभर बादलीत बुडवलं, मग ओढून बघितलं. आईने विचारलं हे कसलं लोणचं घातलंयस.

काचेवर जीपी तुटलं पण सुटलं नाही, एकदम भारी, त्यामुळे फिश टँकवाले मित्र ॲसिटिकच वापरतात ते बरोबरच आहे (फक्त त्यांनी बुरशीनाशक नसलेलं घ्यायचं, बाथरूमच्या सॅनिटरी सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेलं असतं, ते माशांना नको). मार्बलवर तेच जीपी नखाने उचललं आणि आलं, खाली तीच पिठी. दोन्ही न्यूट्रल मार्बलवर घट्ट. पण एका न्यूट्रलच्या दोन्ही बाजूंना दगडावर तेलकट काळसर कड उमटली होती, जशी कागदावर भजी ठेवल्यावर उमटते तशी. काही सिलिकॉनमधलं तेल दगडाच्या छिद्रांत झिरपतं आणि ते पुसून जात नाही. तेव्हा मार्बलसाठी नुसतं न्यूट्रल पुरत नाही, दगडासाठीचं, डाग न पाडणारं असं लिहिलेलं घ्यावं लागतं, आणि तरी एका तुकड्यावर लावून दोन आठवडे बघावं. ॲक्रिलिक पाण्यात मऊ होऊन लिबलिबीत झालं, ते घरातल्या भिंतीच्या बारीक भेगेला ठीक, वरून रंग मारता येतो हाच त्याचा गुण. विटेवर पीयू जिंकलं. विटेवर बाकी सगळ्यांची गोची धुळीने केली, कारण मी वीट नुसती फुंकर मारून पुसली होती. एक सांगून टाकतो, सिलिकॉनवर भिंतीचा रंग बसत नाही, त्यामुळे बाहेरच्या भिंतीच्या भेगेत सिलिकॉन भरू नका, पेंटर नंतर तुमच्या नावाने बोटं मोडेल.

मे, फट

आता खरी गंमत. मला वाटत होतं नळी बदलली की काम झालं, पण फट साफ करताना दुसरी चूक दिसली. मी आजवर जे करत होतो ते म्हणजे भेगेवरून सिलिकॉनची रेघ ओढायची आणि ओलं बोट फिरवून छान चपटी करायची. कडेला ती कागदाइतकी पातळ. आणि खाली फट म्हणाल तर जेमतेम केसाएवढी, बाकी व्हाइट सिमेंटने भरलेली.

जरा आकडेमोड करू. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण ०.०२४ मिमी वाढतं. माझी खिडकी १.५ मीटर रुंद. पश्चिमेचं ऊन खाऊन फ्रेम तापते आणि मग वरून पावसाची सर येते, ३० अंशांचा फरक धरला तर १.०८ मिमी. दगडही थोडा हलतो, दोन टोकांत वाटणी होते, तरी अर्धा-पाऊण मिमी एकेका फटीच्या वाट्याला येऊ शकतो. चांगल्या सिलिकॉनवर क्लास २५ असं लिहिलेलं असतं (आयएसओ ११६०० किंवा एएसटीएम सी ९२० या मानकांप्रमाणे), त्याचा अर्थ फटीच्या रुंदीच्या २५ टक्के ताण आणि २५ टक्के दाब ते सहन करतं. ८ मिमीची फट असेल तर २ मिमी, निवांत. २ मिमीची असेल तर अर्धा मिमी, काठावर पास. आणि फट जवळपास नसेलच, नुसती केसाएवढी भेग असेल, तर शून्याचे २५ टक्के किती ते तुम्हीच सांगा. म्हणजे फट बुजवून टाकणं हीच चूक, सिलिकॉनला हलायला जागा पाहिजे!

मग व्हाइट सिमेंट कोरून काढलं, दोन संध्याकाळी गेल्या, शेजारचे काका दोनदा बेल वाजवून गेले. फट कुठे ७, कुठे ९ मिमी निघाली, सरासरी ८ धरली. त्यात बॅकर रॉड घातला, म्हणजे फोमची गोल दोरी, फटीपेक्षा जराशी जाड घ्यायची म्हणजे दाबून बसते, ८ च्या फटीला मी १० ची घेतली. नाक्यावरच्या दुकानात या दोरीचं नावही ऐकलेलं नव्हतं, नागदेवीला मिळाली. तिचं काम दोन गोष्टींचं. एक म्हणजे खोली ठरते, सिलिकॉन किती आत जाईल याला तळ मिळतो. दुसरं जास्त महत्त्वाचं, सिलिकॉन दोन बाजूंना चिकटलं पाहिजे, तळाला नाही. तळालाही चिकटलं तर ताणल्यावर त्याला मोकळं होता येत नाही आणि ते कडेने फाटतं. पॉलिथिनच्या दोरीला सिलिकॉन धरत नाही, म्हणून ते मधे मोकळं राहतं. वरून हलका खोलगट आकार दिला की खाली दोरीचा गोल, वर बोटाचा गोल, कापून बघितलं तर डमरू दिसतो, मधे बारीक आणि दोन्ही कडांना रुंद. ताण बारीक कमरेवर येतो, कडा धरून राहतात.

माल किती लागेल ते पण काढलं होतं. खिडकी १.५ बाय १.२, घेर ५.४ मीटर, फट ८ रुंद आणि सिलिकॉनची खोली ६, म्हणजे साधारण २५९ मिली. नळी २८० ची. कागदावर एक पुरते. प्रत्यक्षात दीड लागली, कारण पहिला अर्धा मीटर मी गन (नळी दाबायचं हत्यार) मागे ओढत चाललो आणि खाली पोकळ्या राहिल्या, तो काढून परत भरला. गन पुढे ढकलत न्यायची, माल नोझलच्या पुढे लाटेसारखा गोळा होत फटीत दाबला गेला पाहिजे.

त्याआधीची साफसफाई कंटाळवाणी पण तिथेच सगळं आहे. जुन्या सिलिकॉनचा तेलकट थर राहिला तर त्यावर नवीन सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे ब्लेडनंतर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) एका फडक्याने पुसायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने, नाहीतर घाण नुसती इकडची तिकडे होते. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. साबणाचं पाणी लावून बोट फिरवायची सवय मी यावेळी सोडली, साबण फटीच्या कडेला घुसला की तिथे चिकटायची बोंब. आइस्क्रीमची काडी घासून गोल केली, कोरडीच फिरवली. आमच्याकडच्या मे महिन्याच्या दमट हवेत १० मिनिटांत वर साय धरते, त्यामुळे एकेक बाजू करायची, भरलं, काडी फिरवली, साय धरायच्या आत टेप ओढली, मग पुढची बाजू. सगळीकडे भरून मग चहा घ्यायला गेलात तर संपलात. आणि वर साय धरली म्हणजे झालं असं नाही, आत ते दिवसाला २-३ मिमीच पक्कं होत जातं, म्हणून तीन दिवस खिडकीला हात लावायचा नाही असं घरात फर्मान काढलं. दोन दिवस पाळलं गेलं.

नळीवरची तारीख बघायला विसरू नका. मागे एकदा जुन्या मालातली नळी मला स्वस्तात मिळाली होती, पंधरा दिवस च्युइंगगमसारखी राहिली.

जून, पाऊस

पहिल्या जोरदार सरीला सगळे खिडकीपाशी उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. मी कॉलर टाइट करायच्या बेतात आणि खालच्या मार्बल पट्टीवर पाण्याचा ओघळ! बायको काही बोलली नाही, फक्त टॉवेल आणला. ते जास्त लागलं.

रात्री पाऊस चालू असतानाच टिश्यू पेपरच्या सुरळ्या करून चारही बाजूंना जॉइंटवर दाबत गेलो. वरची कोरडी, डावी, उजवी, खालची पण कोरडी. जॉइंट एकही गळत नव्हता. मग टॉर्च मारला तर खालच्या ट्रॅकमध्ये पाणी भरलेलं, काठोकाठ, आणि तेच आतल्या बाजूने सांडत होतं. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते बाहेर जायला ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला छोटी लांबट भोकं पाडलेली असतात. माझ्या ट्रॅकला ती भोकं दिसेनात. बाहेर हात काढून बोटाने चाचपलं, दोन ठिकाणी गुळगुळीत फुगवटे लागले.

सिलिकॉनचे. मीच भरलेले, पहिल्या पावसाळ्यात, पाणी इथूनच आत येतंय असं वाटून. आणि ॲल्युमिनियमवर ते कसं बसलं होतं विचारू नका, तीन वर्षांत तसूभर हललं नव्हतं, माझं सगळ्यात टिकाऊ काम तेवढंच. स्क्रू ड्रायव्हरने पहिला फुगवटा उचकटला तसं ट्रॅकमधलं पाणी गटागटा बाहेर निघून गेलं, खाली कोणाच्या तरी छत्रीवर पडल्याचा आवाज पण आला.

आज २८ जून, आठ दिवस झालेत, त्यात दोन दिवस रात्रभर धो धो होता. टिश्यू रोज लावतो, कोरडा. मार्बलवर तेलकट कड अजून नाही, पण तो निकाल मी दिवाळीपर्यंत देणार नाही.

पुढचं काम समोर दिसतंय, बाथरूमच्या आरशाच्या खालच्या कडेला काळे ठिपके यायला लागलेत. तो चिकटवताना पण व्हिनेगरचा वास आला होता, चांगलं आठवतंय.