जर्मनीतले जुने मीटर आणि मधला डबा

जर्मनीत ऑटोमेशनच्या कामाला आलं की रोज नवीकोरी मशिनं हाताळायला मिळतात, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात इथे नेकार नदीच्या खोऱ्यातल्या कारखान्यांत माझा बराच वेळ जुन्या वीजमीटरना बोलतं करण्यात जातो.

त्यामागे कायदा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये इथे ऊर्जा कार्यक्षमतेचा कायदा लागू झाला. वर्षाला सरासरी 7.5 गिगावॉट-तासांहून जास्त ऊर्जा वापरणाऱ्या कंपनीला ऊर्जा व्यवस्थापनाची रीतसर यंत्रणा उभारावी लागते. मग कुठे किती वीज जाते ते मोजायला कॉम्प्रेसर रूममधल्या धूळ खात पडलेल्या मीटरची सगळ्यांना आठवण होते. हे मीटर आरएस-485 नावाच्या जोडणीच्या तारांवर मॉडबस बोलतात, म्हणजे मोडिकॉन कंपनीने 1979 साली आणलेला प्रोटोकॉल, यंत्रांची आपसातली भाषा. पीएलसी, म्हणजे मशिनं चालवणारा कंट्रोलर, मात्र सीमेन्सचा एस7-1500, त्याला हिरव्या केबलवरचं प्रोफिनेट हे नवं नेटवर्क हवं. या दोघांच्या मध्ये 24 व्होल्टवर चालणारा, तळहाताएवढा गेटवे, म्हणजे दुभाष्या डबा, बसतो.

तो बसवण्यासाठी पॅनलला हात लावायची मला परवानगी नाही. त्यासाठी रीतसर शिकलेला इलेक्ट्रिशियन लागतो. तो आधी सप्लाय बंद करतो आणि स्विचला स्वतःचं कुलूप घालतो. मग टेस्टर चालू पॉइंटवर लावून टेस्टरच ठीक आहे ना ते बघतो, मग आपला पॉइंट तपासतो आणि पुन्हा टेस्टर चालू पॉइंटवर. ‘पटकन दोन वायरी टाकून घे रे’ या वळणाच्या साइटवरून आलेल्या माणसाचा सुरुवातीला जीव वरखाली होतो. आता मी निमूट कॉफी घेऊन येतो.

प्रोफिनेटची बाजू सोपी. गेटवेची जीएसडीएमएल फाइल, म्हणजे त्याची ओळखपत्रिका, सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची आणि डिव्हाइसला नाव द्यायचं. प्रोजेक्टमधलं नाव आणि डब्यातलं नाव अक्षरशः एक हवं, नाहीतर कम्युनिकेशन येतच नाही.

खरा वेळ खातो मॉडबस. बॉड रेट (बोलण्याचा वेग), पॅरिटी (चूक पकडायची खूण), प्रत्येक मीटरचा वेगळा पत्ता, लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर, इथवर ठीक. पण दोन तारांपैकी एका कंपनीची ए म्हणजे दुसऱ्या कंपनीची बी. मॅन्युअलमध्ये रजिस्टर, म्हणजे मीटरमधले आकड्यांचे कप्पे, 40001 पासून मोजलेले, तारेवर मात्र मोजणी शून्यापासून, त्यामुळे सगळं एका घराने सरकतं.

त्यातून सुटलो तरी शब्दक्रम, म्हणजे आकड्याचे तुकडे कुठल्या क्रमाने जोडायचे ते, राहतोच. मॉडबसचं रजिस्टर 16 बिटांचं, दशांशातला आकडा 32 बिटांचा, म्हणून तो दोन रजिस्टरांत विभागून येतो. मीटरच्या डिस्प्लेवर 231.4 व्होल्ट असतील, तर हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, ते 4367 आणि 6666. गेटवेने हे उलट्या क्रमाने जोडले की पीएलसीत 2.7 गुणिले दहाचा तेविसावा घात एवढे व्होल्ट दिसतात! अशी चूक परवडली, कारण ती लगेच डोळ्यांवर येते.

मला धास्ती असते ती खऱ्या वाटणाऱ्या आकड्यांची. मीटरची वायर निघाली तरी गेटवे आणि पीएलसी यांचं उत्तम चाललेलं असतं, दिवे हिरवे. पुष्कळ गेटवेंमध्ये अशा वेळी काय करायचं ते निवडता येतं: शेवटचा आकडा धरून ठेवायचा की शून्य पाठवायचं. शून्य प्रामाणिक वाटतं, पण युनिटच्या रीडिंगला ते महागात पडतं. रीडिंग शून्यावर जाऊन परत मूळ आकड्यावर आलं की दर पंधरा मिनिटांचा वापर मोजणारं सॉफ्टवेअर मीटरचा जन्मापासूनचा वापर त्या एका पंधरा मिनिटांत धरतं. म्हणून मी शेवटचा आकडा धरून ठेवतो आणि प्रत्येक मीटरचा स्टेटस बिट, म्हणजे तो मीटर उत्तर देतोय की नाही ही खूण, सोबत पीएलसीत घेतो. बिट पडला की तेवढ्या वेळचं रीडिंग अहवालात घ्यायचंच नाही. हस्तांतरणाच्या दिवशी ग्राहकाच्या माणसासमोर इलेक्ट्रिशियनला एकेका मीटरची कम्युनिकेशन वायर काढायला सांगतो, आणि स्क्रीनवर अलार्म आल्याशिवाय कागदावर सही मागत नाही.