पाचपैकी दोन गुण

गेम खेळून झाल्यावर भरायच्या फॉर्मवर तिने भीतीला पाचपैकी दोनच गुण दिले होते. खाली लिहिलं होतं, ‘वातावरण छान, पण भीती अशी वाटली नाही.’ मी तिच्या खेळाचं रेकॉर्डिंग लावलं. तळघराच्या दारापाशी पोहोचताच तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पुढचं सगळं तळघर आवाजाशिवाय पार केलं.

आमच्या हॉरर गेमची ही प्लेटेस्ट, म्हणजे खेळाडूंना गेम खेळायला देऊन घेतलेली चाचणी होती. खेळाडूंचा खेळ पाहायचा, त्यांच्याशी बोलायचं आणि गेमचं काय जमलंय, काय फसलंय ते टीमपुढे मांडायचं, हे माझं काम. तळघरातला प्राणी क्वचितच दिसतो. तो कुठे आहे हे श्वासावरून आणि पावलांवरून ओळखायचं. म्हणजे तिने गेमचा जीवच बाजूला काढून ठेवला होता! मी कारण विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, “तो श्वास सहनच होईना. काढल्यावर नाही वाटली भीती. मी खरं तेच लिहिलंय.”

एका मुलाचं नेमकं उलटं. त्याने भीतीला पाच गुण दिले आणि तरीही ‘पुन्हा खेळणार नाही’ यावर खूण केली. रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला तो खुर्चीत मागे सरकून बसलेला, माउसवरचा हात आखडलेला. प्राण्याने पकडलं की गेम त्याला पार मागच्या सेव्ह पॉइंटवर, म्हणजे खेळ शेवटचा जतन झाला त्या जागी, नेऊन सोडायचा. मग तेच जिने, तेच कपाट, तीच किल्ली. थोड्याच वेळात त्याने कंटाळून गालाला हात लावला आणि गेममध्ये सरळ धावत सुटला. प्राणी समोर आला तरी तो दचकला नाही. त्याला प्राण्याचा फेरा पाठ झाला होता. भीती जाऊन तिथे वैताग आला, तो क्षण पडद्यावर स्पष्ट दिसतो. मी तो तुकडा परत परत पाहिला.

संध्याकाळच्या बैठकीत लेव्हल डिझायनर म्हणाला, भीतीचे गुण कमी आहेत, दोन-तीन जम्पस्केअर, म्हणजे अचानक समोर येऊन दचकवणारे प्रसंग, वाढवू. मी आधी हेडफोनवालीचा तुकडा दाखवला, मग त्या मुलाचा. खोलीत बराच वेळ वाद झाला. मी २०१४च्या ‘एलियन: आयसोलेशन’चं उदाहरण दिलं. तिथे सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रापाशी थांबावं लागतं आणि तेवढ्यात एलियन मागून येऊन मारू शकतो. कुणाला हीच त्या गेमची सर्वांत मोठी ताकद वाटते, कुणाला निव्वळ छळ. पण तिथला एलियन ठरलेल्या वाटेने फिरत नाही, त्यामुळे तोच रस्ता पुन्हा चालतानाही खात्री वाटत नाही. आमचा प्राणी मात्र घड्याळासारखा फिरत होता. ‘सोमा’चाही विषय निघाला. २०१५च्या त्या गेमची कथा अनेकांच्या मनात घर करून राहिली, पण त्यातले राक्षस कित्येकांना अडथळाच वाटले. २०१७मध्ये खुद्द निर्मात्यांनी त्यात ‘सेफ मोड’ आणला, ज्यात राक्षस असतात पण जीव घेत नाहीत. मला तो निर्णय फार धाडसाचा वाटतो.

शेवटी जम्पस्केअर रद्द झाले. श्वासाच्या आवाजाला कुणीही हात लावायचा नाही, असं ठरलं. प्राण्याचा फेरा मोडायचा, हेही सगळ्यांना पटलं. अडलं ते सेव्ह पॉइंटवर. डिझायनरचं म्हणणं, तो तळघराच्या दाराशी आणला तर मरणाचा धाकच उरणार नाही. मरणाची किंमत हवी हे मलाही मान्य आहे, पण रिकामे जिने पुन्हा चढायला लावणं ही किंमत मला पटत नाही. तिथे धोका नसतो, नवीन काही कळत नाही, खेळाडू फक्त थंड होतो. डिझायनर काही केल्या मानेना. म्हणून पुढच्या प्लेटेस्टला गेमचे दोन बिल्ड, म्हणजे दोन वेगळ्या आवृत्त्या, ठेवायचे ठरले: एकात सेव्ह पॉइंट होता तिथेच, दुसऱ्यात दाराशी. फॉर्ममधून ‘भीती वाटली का?’ हा प्रश्न मी त्याच रात्री काढला आणि त्याजागी लिहिलं, ‘खेळ थांबवावासा कुठे वाटला, आणि का?’